पाच चिठ्ठ्या, चार माणसं

त्या मंगळवारी मी शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होतो. माझी बायको रूली सकाळी पोहायला गेली होती. तलावावर मंगळवारी सकाळचा वेळ साठीच्या पुढच्या बायकांसाठी राखलेला असतो. पोहणं कमी आणि बोलणं जास्त, असं ती स्वतःच सांगायची. मार्येट सायकलवरून आली. आमची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण मंगळवारी ती शाळेत शिकवते, त्या वेळी तिने घरी यायचं कारण नव्हतं. तिने सायकल उभी केली नाही, फाटकाशी आडवीच टाकली. म्हणाली, "बाबा, खाली या."

मी म्हणालो, "एवढं टोक राहिलंय, संपवून येतो."

"बाबा, खाली या."

खाली आलो. तिने सांगितलं. रूली पाण्यातून बाहेर आल्यावर बाकावर बसली आणि तिथेच गेली. तलावावरच्या बाईंनी तिच्या पाकिटातल्या कार्डावरचा पहिला नंबर लावला, तो मार्येटचा होता. माझ्या हातात ओली पानं होती. ती कुठे टाकायची मला सुचेना. मार्येटने माझ्या हातातून घेऊन ती गवतावर टाकली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. गावातले लोक आले, कॉफी झाली, केक झाला. आयसेल नदीकाठच्या या गावातले निम्मे रस्ते मी विटा बसवून केले आहेत, त्यामुळे ओळखी पुष्कळ. सगळे हळू आवाजात बोलायचे. दुकानात पाववाली बाई मला पाव कापून द्यायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

नोव्हेंबर लागला तशी दुकानांतून मसाल्याच्या बारीक गोल बिस्किटांची पोती आणि चॉकलेटची अक्षरं दिसायला लागली. पाच डिसेंबर जवळ आला. मार्येट एक दिवस सूप घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, यंदा सिंटरक्लास नको करूया. सिब्रनलाही तसंच वाटतं."

सिब्रन म्हणजे तिचा नवरा. मी म्हणालो, "नको तर नको." मला खरं म्हणजे सुटल्यासारखं झालं. सिंटरक्लास म्हणजे भेटी आणणारा संत, पाच डिसेंबरला त्याचा सण, आणि आमच्याकडे ती संध्याकाळ म्हणजे कविता. प्रत्येकाने चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी एक भेट आणायची आणि भेटीबरोबर कविता लिहायची. कवितेत त्या माणसाची वर्षभराची टिंगल. खाली सही संताची. लिहिणाऱ्याने कधी कबूल करायचं नाही. ज्याची कविता त्याने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, मगच कागद फाडून भेट उघडायची, आणि छताकडे बघून ओरडायचं, "धन्यवाद, संत!" मला यातलं सगळं आवडतं, लिहिणं सोडून. मी एव्हर्ट, आणि घरात "एव्हर्टच्या चार ओळी" हा एक विनोदच होता. रूली दोन-दोन पानं लिहायची, आणि यमक जुळलं की स्वयंपाकघरात एकटीच हसायची.

दुसऱ्या दिवशी रूलीची बहीण दीना आली. दीनाने कोट काढायच्या आतच विचारलं, "मार्येट काय म्हणते? नाही करायचं?"

"यंदा नको म्हणते."

"चिठ्ठ्या काढल्यात की आपण."

ते खरं होतं. दीनाला सगळं लवकर लागतं, म्हणून आमच्या घरी चिठ्ठ्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, मार्येटच्या वाढदिवसाला निघतात. सिब्रनच्या टोपीत पाच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मी, रूली, मार्येट, सिब्रन, दीना.

"काढल्या, पण तेव्हा आपण पाच होतो," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. रूलीने एकाचं नाव काढलं होतं. त्या माणसाला ती कविता देणार होती. आता तो माणूस तसाच बसणार? तुला आठवतं ना, सिब्रनचा भाऊ न सांगता आला होता त्या वर्षी?"

मला आठवत होतं. तो अचानक येऊन टपकला, त्याच्यासाठी काहीच नव्हतं. तो म्हणाला, मी बघत बसतो. रूली स्वयंपाकघरात गेली आणि पावाच्या रिकाम्या पिशवीवर कविता लिहून घेऊन आली. भेट म्हणून एक कांदा, रिबन बांधून. त्या संध्याकाळी कोणाच्या मांडीवर काही नाही हे तिला बघवायचंच नाही.

"मग पुन्हा चिठ्ठ्या काढू," मी म्हणालो. "चार."

"अजिबात नाही," दीना म्हणाली. जरा जोरातच म्हणाली. "एकदा काढल्या त्या काढल्या."

"बरं, तुला कोणाचं नाव आलंय ते सांग. बाकीच्यांना विचारतो. मग कळेल कोण राहिलं."

"विचार. मी खोटं सांगेन. मार्येटही खोटंच सांगेल, तिच्या आईची मुलगी आहे ती."

मार्येटला दीनानेच फोन केला. काय बोलली मला माहीत नाही. पण ठरलं, की करायचं, आमच्याच घरी, नेहमीसारखं दुपारच्या चहापासून.

आता माझी पंचाईत सुरू झाली. रूलीचं काम अर्धवट राहिलं होतं आणि ते मलाच पुरं करायचं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण ते काम कोणाचं, हे कळायला मार्ग नव्हता. मी तिच्या कोटाचे खिसे बघितले. पर्स बघितली. मला आधीच माहीत होतं की काही सापडणार नाही, कारण ती चिठ्ठी वाचली की लगेच शेगडीत टाकायची. भेटी ती शेवटच्या आठवड्यात आणायची. कपाटात वरच्या फळीवर नुसतं गुंडाळायच्या कागदाचं भेंडोळं होतं.

मला दीनाचं नाव आलं होतं. म्हणजे रूलीला दीना आली नव्हती, एवढंच नक्की. राहिले मार्येट, सिब्रन आणि मी. मी असलो तर प्रश्नच नाही, मला रिकाम्या हाताने बसायला चालतं. पण मार्येट असली तर? आई गेली त्या वर्षी आईच्याच वाट्याची कविता मिळाली नाही तरी ती त्या टेबलाशी बसणार, हसत बसणार, आणि घरी जाऊन... ते मला नको होतं. आणि सिब्रन असला तर तो काही बोलणार नाही. सिब्रन कशाबद्दलच काही बोलत नाही.

दोघांपैकी एक निवडावा असं आधी वाटलं. मग वाटलं, चुकलो तर? शेवटी ठरवलं, तिघांसाठी लिहायचं. दीना, मार्येट, सिब्रन. म्हणजे कोणीही राहिलं असलं तरी भरून निघेल.

तीन कविता. जन्मात चार ओळींच्या वर गेलो नव्हतो.

रोज सकाळी कॉफी घेऊन टेबलाशी बसायचो. पहिले काही दिवस काहीच येईना. मला वाटायचं, आता टिंगल कशी करायची? लिहायला घेतलं की सगळं रडकं व्हायचं. "मार्येट, तू किती गुणाची" वगैरे. अशी ओळ रूलीने बघितली असती तर म्हणाली असती, एव्हर्ट, हे लग्नाच्या कार्डावर छाप. मी ते कागद फाडले.

मग मी दीनापासून सुरुवात केली, कारण तिची टिंगल सोपी. दीना सगळीकडे लवकर जाते.

गाडी सुटते दहाला, दीना हजर आठला,
झाडूवाला येण्याआधी बाक तिने गाठला.
संतसुद्धा दचकतो तिच्या दारी येताना,
ती विचारते, "उशीर का?" तो वेळेवर असताना.

चार ओळी झाल्या. पण मला पहिल्यांदाच वाटलं की अजून दोन येतील. आल्याही. त्या इथे लिहीत नाही, त्यात तिच्या माजी नवऱ्याचा विषय आहे.

सिब्रनने वसंतात भिंतीला भोकं पाडायचं मोठं यंत्र आणलं होतं, त्यावर त्याची कविता झाली. मार्येटचं सगळ्यात अवघड गेलं. तिची टिंगल करण्यासारखं काय आहे, म्हणून विचार करत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. मार्येट. "बाबा, जेवलात का?" सकाळचे अकरा वाजले होते. फोन ठेवला आणि कविता सापडली.

भेटी आणल्या. मार्येटला हातमोजे, सिब्रनला पातळी बघायची पट्टी, ज्यात पाण्याचा बुडबुडा असतो ती. दीनाला गजराचं घड्याळ, तिला त्याची काहीच गरज नाही म्हणून.

पाच तारखेला दीना अर्थातच सगळ्यांच्या आधी आली. ठरलं होतं तीनला, ती दोनला आली आणि तिने माझा टेबलक्लॉथ बदलला. मार्येट आणि सिब्रन आले. सिब्रनच्या हातात चॉकलेटच्या अक्षरांची पिशवी. त्याने प्रत्येकाच्या बशीशी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर ठेवलं आणि शेवटी त्याच्या हातात एक उरलं. रूलीचं. तो तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले.

"मी... दुकानात नेहमीसारखे पाच घेतले," तो म्हणाला.

मार्येटने खिडकीकडे बघितलं.

"दुधाच्या चॉकलेटचं आहे का काळ्या?" दीनाने विचारलं.

"काळ्या."

"मग फोड आणि वाट. तिला काळं आवडायचंच नाही, दरवर्षी मलाच द्यायची. तुला काय वाटलं, माझी कंबर अशी आपोआप झाली?"

सिब्रनने ते टेबलाच्या कडेवर आपटून फोडलं. आम्ही खाल्लं.

भेटींचं पोतं दारामागे होतं. ज्याने जे आणलं त्याने ते गुपचूप त्यात टाकायचं, अशी रीत आहे. कोण कधी टाकून गेलं हे कोणी बघत नाही. मार्येट उठली आणि पोतं ओढायला लागली. ते हलेना.

"बाबा, यात विटा भरल्यात का?"

"माझ्याकडे बघू नकोस. संताला विचार."

सिब्रनने दुसरं टोक धरलं. पोतं टेबलाशी आलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. मला एकच बघायचं होतं. चारही जणांच्या मांडीवर एकेक पुडकं आलं की माझं काम झालं.

पहिलं दीनाचं निघालं, माझंच. तिने चष्मा लावून वाचलं. माजी नवऱ्याच्या ओळींवर थांबली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "संत नीच माणूस आहे." मग छताकडे, "धन्यवाद, संत!"

दुसरं माझं. मी उघडलं आणि वाचायला लागलो.

एव्हर्टने आयुष्यभर विटा लावल्या सरळ,
त्याच्या स्वेटरवर मात्र सुपाचे ओघळच ओघळ.
तोच स्वेटर सोमवारी, तोच रविवारी अंगावर,
आता तो आपला आपण चढेल धुण्याच्या मशीनवर.

मी खाली बघितलं. तोच स्वेटर अंगात होता. सुपाचा डागही होता, मार्येटच्या सुपाचा. वर बघितलं तर तिघंही माझ्याकडे बघत होते, श्वास रोखून. सात आठवडे कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. मला एकदम हसू आलं, पोटातून, आणि ते थांबेना. सिब्रन हसायला लागला. मार्येट म्हणाली, "मशीन नक्की आहे ना घरात, की विकलं?" आणि दीना म्हणाली, "मशीन आहे, मी बघितलं, वर मासिकं ठेवलीत."

"धन्यवाद, संत!" मी ओरडलो. शेजारी ऐकू गेलं असेल.

तिसरं सिब्रनचं. तो कधीच नीट वाचत नाही, पुटपुटतो. मार्येटने त्याच्या दंडाला चिमटा काढला तेव्हा मोठ्याने वाचलं.

सिब्रनने आणलं यंत्र नवं, केवढा त्याचा थाट,
भिंतीवरचं कपाट अजून पाहतंय त्याची वाट.
भोकं पाडली भारंभार, स्क्रू बसला एक,
मार्येट म्हणते कपाटाला, "तू खालीच बाबा टेक."

"हे कोणी सांगितलं?" सिब्रन म्हणाला. "ही घरातली गोष्ट आहे."

"संताला सगळं कळतं," मी म्हणालो.

चौथं मार्येटचं. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिने कागद उलगडला.

मार्येटचा फोन सकाळी, मार्येटचा फोन दुपारी,
"जेवलात का? झोपलात का? बटाटे आहेत का घरी?"
संत म्हणतो, पोरी, जरा फोनला दे उसंत,
बाबा तुझा...

तिथे ती थांबली. शेवटची ओळ तिने मनात वाचली असावी. मला वाटलं, संपलं, फार पुढे गेलो मी. दीनाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. पण रीत म्हणजे रीत, वाचावंच लागतं. मार्येटने नाक पुसलं आणि वाचलं.

बाबा तुझा जेवतो आहे, बाबा आहे जिवंत.

मग ती हसत होती आणि रडतही होती. तिने कागद माझ्या डोक्यावर मारला. "संताला सांगा," ती म्हणाली, "त्या बाबाने एकदाही स्वतःहून फोन केला नाही."

"सांगतो."

"जिवंत आहात तर करत जा."

"करत जाईन."

चौघांचं झालं. मी खुर्चीत मागे टेकलो. कोणाचंही नाव राहिलं असलं तरी भरून निघालं होतं. मला चहा हवासा वाटला.

"थांबा," सिब्रन म्हणाला. "यात अजून आहे." त्याने पोत्यात हात घातला. "दीना मावशी, तुमचं."

"माझं झालं की."

"तुमचंच नाव आहे."

दीनाला दुसरी कविता आली. मग मार्येटला दुसरी. मग मला. मग सिब्रनला, मग परत मार्येटला. पुडकी येतच राहिली. कोणी काही विचारत नव्हतं, नुसतं वाचत होतो आणि छताकडे ओरडत होतो. मला हळूहळू उमगलं. मी ज्या गोष्टीला घाबरलो होतो, तिलाच प्रत्येक जण आपापल्या घरी बसून घाबरला होता, आणि कोणी कोणाला विचारू शकत नव्हतं. म्हणून ज्याने त्याने सगळ्यांसाठी लिहिलं होतं.

सिब्रनने मात्र दमून हात टेकले असावेत. कारण दीनाने वाचलं:

दीनाला संताने आणले लोकरीचे मोजे,
पायाला मिळो ऊब, डोक्याचं उतरो ओझे.

आणि पुढचं पुडकं माझं होतं.

एव्हर्टला संताने आणले लोकरीचे मोजे...

"संताला एवढी एकच येते वाटतं," दीना म्हणाली.

"संतालाही नोकरी असते," सिब्रन म्हणाला. इतकं लांब उत्तर त्याने आमच्या घरी पहिल्यांदाच दिलं असेल. मार्येट इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं.

पोतं रिकामं झालं तेव्हा बाहेर अजून थोडा उजेड होता. जमिनीवर कागदच कागद. आम्ही वाटाण्याचं सूप खाल्लं, मी टाळूनही थोडं स्वेटरवर सांडलंच. मग मार्येट आणि सिब्रन बैठकीत कागद गोळा करायला लागले आणि मी भांडी धुवायला घेतली. दीना पुसायला उभी राहिली.

तिने बशा पुसून रचून ठेवल्या. मग म्हणाली, "तू शेवटपर्यंत हेच शोधत होतास ना, की रूलीला कोण आलं होतं?"

"हो. कळलं नाही. आता गरजही नाही."

"आणि रूली कोणाला आली होती, ते?"

मी पाण्यात हात घालून तसाच उभा राहिलो. पाच नावं टोपीत होती. तिचंही होतं. सगळे दिवस मी तिच्या वाट्याचं काम कोणाचं हे शोधत होतो, आणि तिचं नाव कोणाच्या हातात आहे हा विचारच मला शिवला नव्हता.

"तुला?" मी म्हणालो.

"मला. सांगायचं नसतं, माहीत आहे मला. पण आता कोणापासून लपवू."

"म्हणून पुन्हा चिठ्ठ्या काढायला नको म्हणालीस."

"माझी लिहून झाली होती, एव्हर्ट. चिठ्ठी काढली त्याच आठवड्यात. तू मला ओळखतोस. दोन पानं. रूली पोहायला गेली त्याच्या आधीच कविता घडी घालून पाकिटात होती."

"काय लिहिलंयस?"

"टिंगल. दुसरं काय लिहिणार? तिच्या पोहण्याच्या टोपीबद्दल आहे. तिच्या गाण्याबद्दल आहे. आणि तुझ्याशी लग्न का केलं त्याबद्दल एक अख्खं कडवं आहे."

"वाईट आहे?"

"फार वाईट."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. म्हणजे तिचंही राहिलं नव्हतं. ती असताना, ती धडधाकट असताना, कोणीतरी बसून तिची दोन पानं टिंगल केली होती, आणि त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

"पर्समध्ये आहे," दीना म्हणाली. "तिच्या जागी तूच वाचायचीस. देऊ?"

बैठकीतून मार्येटचा आवाज येत होता, सिब्रनला ती काहीतरी सुनावत होती. मी हात पुसले.

"आज नको," मी म्हणालो. "आज पुष्कळ झाल्या."

"मग केव्हा?"

"सांगतो."

"मी लवकर येते, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

तिने टॉवेल दांडीवर टाकला आणि उरलेलं चॉकलेट कागदात गुंडाळून स्वतःच्या खिशात घातलं. मार्येटला मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन केला. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, जेवलो."

कविता दीनाच्या पर्समध्येच आहे. ती अजून वाचायची आहे.